कस्तुराची लेन

"पाच मिनिटं, म्याडम. मेव्हणा रेल्वे फाटकात अडकलाय," बिराप्पा कोळेकर म्हणाला आणि ट्रेच्या आणखी जवळ सरकला.

ट्रे स्टीलचा होता, त्यावर थिएटरमधलं हिरवं कापड होतं आणि कापडाखाली त्याच्या बायकोच्या पोटातून नुकतीच काढलेली गाठ. ट्रे बाबालाल मामांनी धरला होता. त्यांची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्येच झाली होती. त्यांच्या शेजारी मी उभी होते, हातात द्रव नायट्रोजनचा थर्मास घेऊन. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातला हा व्हरांडा. उन्हाळ्याचे दिवस होते आणि व्हरांड्याला पंखा नव्हता.

"पाच मिनिटं मघाशीच झाली," मी म्हणाले. "यातला एक तुकडा मला लगेच गोठवायचा आहे. उशीर झाला तर तपासणी बिघडते. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"सांगितलं हुतं की. मी कुठं न्हाई म्हणतोय? खरं त्यानं बघितल्याबिगर कापायचं न्हाई."

"मी फक्त सुपारीएवढा तुकडा घेणार आहे."

"सुपारीएवढा का हुईना, कापलेलाच की."

मी थिएटरच्या दारातून आत निरोप पाठवला. डॉक्टर मगदूम अजून पोट शिवत होते. नर्सनं बाहेर येऊन त्यांचं उत्तर सांगितलं: आधी दाखवा, मग कापा. हा त्यांचा जुना नियम होता आणि त्यालाही कारण होतं. पूर्वी एकदा एका रुग्णाच्या भावांनी अर्धवट कापलेला गोळा पाहून, उरलेलं कुठं गेलं, आमच्या माणसाची किडनी काढलीत का, असा गोंधळ घातला होता आणि दाराची काच फोडली होती. तेव्हापासून शरीरातून जे निघेल ते अख्खं, दोन्हीकडच्या नातेवाइकांना दाखवायचं. सासरच्यांनी पाहिलं म्हणजे झालं नाही, माहेरच्यांनीही पाहायला हवं. आमच्या भागात सगळीकडेच असं चालायचं. बाबालाल मामा तर ट्रे घेऊन बाहेर आले की न सांगता विचारायचे, "पोरीकडचं कोण हाय?"

आज पोरीकडचं कोणी नव्हतं. बिराप्पाच्या बायकोचा, कस्तुराचा, थोरला भाऊ सिदाप्पा जतकडून मोटरसायकलवर निघाला होता.

मामांनी हात बदलला. "तुमचा मेव्हणा सायकलीवर येतोय का चालत?" त्यांनी बिराप्पाला विचारलं.

"आमच्या लग्नाला बी पंगत उठल्यावरच आला हुता," बिराप्पा म्हणाला. पण तो हसला नाही. त्याची नजर हिरव्या कापडावर होती.

मी प्रयोगशाळेतून बर्फाच्या पिशव्या आणवल्या आणि ट्रेखाली सरकवल्या. तेवढ्यावरही बिराप्पानं विचारलं, काय करताय त्याला. थंड ठेवतेय, म्हणून सांगितलं. पण गाठ नारळाएवढी होती. एवढ्या गाठीच्या आत अंगाची ऊब बराच वेळ टिकून राहते, वरून बर्फ लावला तरी. हे मला माहीत होतं, आणि थर्मासच्या झाकणातून वाफ निघत होती.

मी तिथं का उभी होते ते सांगायला हवं. पेशीच्या आत 'वाढ, वाढ' असा निरोप पुढे पोचवणारं एक प्रथिन असतं. ते कामावर असतं तेव्हा त्याच्या अंगावर फॉस्फेटची एक बारीक खूण चढलेली असते. काम थांबलं की खूण उतरते. आमच्याकडे एक मोनोक्लोनल अँटिबॉडी होती. एकाच पेशीच्या वंशातून वाढवलेली, त्यामुळे तिचा प्रत्येक कण सारखा आणि एकाच गोष्टीला चिकटणारा. ती फक्त खूण असलेल्या प्रथिनाला ओळखायची. खूण नसेल तर तेच प्रथिन समोर ढीगभर पडलेलं असलं तरी ओळख देत नसे. गाठ शरीराबाहेर पडली की या खुणा आपोआप गळायला लागतात. म्हणून वीस मिनिटांच्या आत तुकडा गोठवायचा, असा आमचा नियम होता.

आणि या खुणेवर पुढचं सगळं अवलंबून होतं. त्या वर्षी आमच्या हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती. ते औषध नेमका हाच निरोप अडवायचं. ज्यांच्या गाठीत खूण सापडेल त्यांनाच ते नेहमीच्या केमोबरोबर मिळणार होतं. इतरांना दिलं तर उपयोग नाही आणि यकृताला धोका, त्यामुळे अट कडक होती. कस्तुराची गाठ अंडाशयातली होती. पोटाच्या आतल्या पडद्यावर रोगाचे बारीक दाणे पसरलेत हे ऑपरेशनआधीच दिसलं होतं, आणि ते सगळे काढता येणार नव्हते. नुसत्या केमोवर अशा बाया फार दिवस काढत नसत. नव्या औषधावर काही जणी वर्षानुवर्षं टिकल्याचं आम्ही ऐकलं होतं.

संमतीच्या वेळी मी कस्तुराला हे सगळं सोपं करून सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, "तुमचं लगीन झालंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "बरं हाय. कुणाला जेवणाचं सांगून यावं लागत न्हाई."

व्हरांड्याच्या टोकाला अखेर सिदाप्पा दिसला. उंच, धुळीनं माखलेला, डोक्याला पटका. या ऑपरेशनला त्याचा विरोध होता. चाकू लागला की ही गाठ अंगभर पसरते, असं त्याच्या गावात सगळ्यांचं मत होतं, आणि बहिणीला हॉस्पिटलात नेलं त्या दिवसापासून तो बिराप्पाशी बोलत नव्हता. पाऊण तास उलटून गेला होता.

मामांनी कापड उचललं.

सिदाप्पा वाकून बघत राहिला. त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. मग डोक्यावरचा पटका काढून काखेत धरला.

"येवढी वागवत हुती व्हय पोटात?" तो म्हणाला.

"बघितलंस न्हवं?" बिराप्पानं विचारलं.

"बघितलं."

"मग झालं." बिराप्पा माझ्याकडे वळला. "घ्या म्याडम. काय घ्याचं ते घ्या."

---

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर हळबे होत्या. पन्नाशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नियमानं हा नमुना बाद आहे, क्षिप्रा," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, दुसरा नमुना मिळणार नाही. गाठ निघालेली आहे, दाण्यांसाठी पोट पुन्हा उघडता येणार नाही, आणि पॅथॉलॉजीकडे गेलेला भाग त्याच ट्रेमधून, त्याच उशिरानं गेलेला आहे.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी सरळ होतं. उशिरामुळे खूण गळते, उशिरानं खूण तयार होत नाही. तेव्हा आपण ब्लॉट करायचा, म्हणजे प्रथिनं पडद्यावर उतरवून खुणेची रेघ उमटते का ते बघायचं. रेघ दिसली तर ती खरीच मानता येईल, आणि या बाईला औषध मिळावं म्हणून चाचणीच्या समितीशी भांडायला मी जाईन. दिसली नाही तर मात्र त्या रिकाम्या जागेला काही अर्थ नाही. गाठीत खूण मुळातच नव्हती का ट्रेमध्ये गळाली, हे जगात कोणीही सांगू शकणार नाही.

"म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार," मी म्हणाले.

"उघडलं तर," त्या म्हणाल्या.

मी तुकडा कुटला, त्यातली प्रथिनं वेगळी केली, जेलच्या खाचांत भरली आणि वीज लावून त्यांना आकाराप्रमाणे खाली उतरू दिलं. एका खाचेखालचा उभा पट्टा म्हणजे एक लेन; पहिल्या लेनमध्ये ज्यात खूण असल्याची खात्री होती तो नमुना. दुसऱ्या लेनमध्ये त्याच आठवड्यातल्या इस्लामपूरच्या एका बाईचा, वेळेत गोठवलेला. तिसरी लेन कस्तुराची. नियमाप्रमाणे तिथं आकडा लिहायचा असतो, मी तोच लिहिला. पण मनातल्या मनात मी तिला कस्तुराची लेनच म्हणत होते. मग प्रथिनं पातळ पडद्यावर उतरवली आणि तो पडदा रात्रभर अँटिबॉडीच्या द्रावणात थंडीत हलत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक्स-रे विभागाची डार्करूम मागून घेतली. आमच्याकडे तेव्हा मशीन नव्हतं, फिल्मच वापरायचो. अँटिबॉडी जिथं चिकटली असेल तिथं पडद्यावर मंद उजेड निघतो, आणि तो उजेड फिल्मवर काळ्या रेघेसारखा उमटतो. डॉक्टर हळबे सहसा अशा कामाला येत नसत. त्या दिवशी आल्या. लाल दिव्यात आम्ही दोघी फिल्म बुडवलेल्या ट्रेकडे पाहत उभ्या होतो.

पहिल्या लेनमध्ये रेघ उमटली, ठसठशीत. दुसऱ्या लेनमध्ये उमटली, जराशी फिकी. तिसऱ्या लेनमध्ये फिल्म स्वच्छ राहिली.

"जास्त वेळ ठेव," डॉक्टर हळबे म्हणाल्या.

दुसरी फिल्म जास्त वेळ ठेवली. पहिल्या दोन रेघा फुगून काळे ठिपके झाले. तिसरी फिल्म त्याहून जास्त वेळ ठेवली, तेव्हा सगळी पार्श्वभूमीच करडी झाली. कस्तुराची लेन त्या करड्यात तशीच राहिली. पडद्यावरचा उजेड हळूहळू विझत असतो. चौथी फिल्म लावली तेव्हा पहिल्या लेनचीही रेघ मंदावली होती.

नंतर मी तोच पडदा धुऊन दुसऱ्या अँटिबॉडीनं तपासला. ही दुसरी अँटिबॉडी खूण बघत नाही, नुसतं प्रथिन ओळखते. यावेळी तिन्ही लेनमध्ये रेघा आल्या. सगळ्यांत जाड कस्तुराची होती. प्रथिन भरपूर होतं. ते शेवटच्या क्षणी निरोप देत होतं का नाही, एवढंच कळायचं राहिलं होतं.

---

बिराप्पाला डॉक्टर हळबेंनी आपल्या खोलीत बोलावलं. मीही होते. तो खुर्चीच्या कडेवर बसला. पिकअप गाडी चालवायचा तो. तासगावच्या बाजारात बेदाण्याची खोकी पोचवायचा. अंगाला त्याच गंधकाच्या धुरीचा वास होता.

त्यांनी सांगितलं की नवं औषध देता येणार नाही, नेहमीची केमो सुरू करू. तपासणीत खूण दिसली नाही.

त्यानं मान हलवली. मग जमिनीकडे बघत विचारलं, "उशीर झाला म्हणून?"

डॉक्टर हळबेंनी त्याला फसवलं नाही. त्यांनी नीट समजावलं. कदाचित उशिरामुळे. कदाचित खूण आधीपासूनच नसेल. ते आता सांगता येत नाही.

"म्हंजे असंल बी आन नसंल बी."

"हो."

"आन आता कधी कळायचं बी न्हाई."

"नाही."

 डॉक्टर हळबेंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यानं हातात धरला आणि प्यायला नाही. मग माझ्याकडे पाहिलं.

"म्याडम, तुमाला वाटलं आसंल, ह्यो माणूस आडमुठा हाय. मला मेव्हण्याचं काय पडलं न्हवतं. तो माझ्या दारात येवो का न येवो. तिनं सांगितलं हुतं. आत न्हेताना माझा हात धरून बोलली. दादाला दावल्याबिगर त्येला हात लावू दिऊ नका, न्हाईतर तो जलमभर तुमास्नीच बोल लावंल. मी शब्द दिला."

त्यानं ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

"तर येक करा. तिला काय कळाया नको. औषध मिळत न्हाई तेवढं सांगा. का न्हाई ते सांगू नका. तिनंच थांबवलं हुतं म्हणून जर तिच्या ध्येनात आलं..." त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. ग्लास टेबलावर ठेवून तो उठला.

डॉक्टर हळबे माझ्याकडे वळून म्हणाल्या, मी रुग्णाशी खोटं बोलणार नाही, पण तिनं विचारलं नाही तर आपण होऊन सांगणारही नाही. वॉर्डात तू जातेस. तुझं तू बघ.

---

कस्तुरानं विचारलं.

टाके निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी गेले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. कस्तुरा बसून स्वतःची वेणी घालत होती, हळूहळू, हात दुखत असल्यासारखी. केमोनं केस जाणार हे तिला नर्सनं सांगितलं होतं. "जायच्या आधी येकदा नीट घालून घेते," ती म्हणाली.

औषध मिळणार नसल्याचं तिला कळलं होतं. ती त्याबद्दल काही बोलली नाही. तिनं वेगळंच काढलं.

"ती गाठ समद्यांनी बघितली. ह्येंनी बघितली, दादानं बघितली, तुमी बघितली. त्या मामानं तर ताटात घालून मिरवली. माझी गाठ आन मीच बघितली न्हाई."

मी म्हणाले, तुम्ही भुलीत होता.

"आता न्हाई भुलीत. तुमच्या तपासणीचा फोटू असतो म्हणं. त्यो तर दावा."

फिल्म माझ्या फाइलमध्ये होती. दाखवू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी ती काढून खिडकीच्या उजेडाकडे धरली. तिनं वेणी अर्धी सोडून फिल्म स्वतःच्या हातात घेतली.

"ह्यात माझं कुठलं?"

मी बोट ठेवलं.

"हितं तर काय न्हाई."

"नाही."

तिनं फिल्म जवळ नेली, लांब नेली. पहिल्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. तिसऱ्या जागी थांबली. मग मोकळा हात पालथा-उताणा करून पंजा पसरला, भांड्यात पीठ उरलं नाही हे दाखवताना बाया करतात तसा. "काय न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं डॉक्टरनं फोटूत काय न्हाई म्हटलं की पेढं वाटत्यात."

मी हसले नाही. तीही हसली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"उशीर झाला हुता का?"

डॉक्टर हळबेंनी खोलीत वापरलेली सगळी वाक्यं मला पाठ होती. ती बरोबर होती. बिराप्पानं धरलेला तो न प्यायलेला ग्लासही डोळ्यांपुढे होता.

"नाही," मी म्हणाले. "ती खूण तुमच्या गाठीत पहिल्यापासूनच नव्हती. लगेच गोठवली असती तरी असंच आलं असतं."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं फिल्म परत दिली. वेणीचे तीन पेड पुन्हा हातात घेतले. मला वाटलं संपलं. मी उठले, तेव्हा ती म्हणाली, "मग ह्येंना बी असंच सांगा. तुमच्या तोंडानं. ते रातच्याला झोपत न्हाईत. मी सांगितलं तर म्हणतील, तुला काय कळतंय."

मी सांगते म्हणाले.

सांगणार कसं होते? त्याला डॉक्टर हळबेंनी माझ्यासमोर खरं सांगितलेलं होतं. माझ्या 'पक्कं'ला त्याच्यापुढे एक क्षणही उभं राहता आलं नसतं. आणि तिला जे कळू नये म्हणून तो धडपडत होता, ते तिला आधीच कळलं होतं का, की नुसतीच शंका होती, याचाही मला अंदाज येईना. व्हरांड्यात तो भेटायचा, केमोच्या दिवशी तिला धरून आणायचा, मला नमस्कार करायचा. मी नमस्कार करून पुढे जायचे.

---

पुढच्या मार्चात कस्तुरा गेली. गावीच. आम्हाला महिन्यानं कळलं.

बिराप्पा आला तो उन्हाळा संपता संपता. प्रयोगशाळेच्या दारात चप्पल काढून उभा. आत यायचं नसतं म्हणून मी बाहेर आले. त्याच्या हातात कापडी पिशवी होती, आत बेदाणे. नव्या मालातले, हिरवट, लांबट. मोठ्या म्याडमना आन तुमाला, म्हणाला. मगदूम डॉक्टरांच्या इथं दिलेत, बाबालाल मामांना दिलेत, नर्सबाईंना दिलेत. समद्यांनी लई केलं.

मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. हाच तो व्हरांडा. सिदाप्पाचं विचारलं. बोलतोय आता, तो म्हणाला, शेवटचे पंधरा दिवस तिथंच होता, बहिणीला खांद्यावर घेऊन उन्हाला बसवायचा. माती देताना मला धरून तोच रडला.

 मला कस्तुराला दिलेला शब्द आठवत होता. आता सांगायला हरकत नव्हती, असं मला वाटलं. आता ती नव्हती. तिला काही कळायचं उरलं नव्हतं.

"कस्तुराबाईंनी तुम्हाला एक सांगायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "ती खूण त्यांच्या गाठीत पहिल्यापासूनच नव्हती. उशिरानं काही बिघडलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"मोठ्या म्याडम तर म्हणल्या हुत्या, सांगता येत न्हाई."

मी बेदाण्यांच्या पिशवीचं तोंड दुमडलं.

"आन तिनं सांगाया सांगितलं? मला?"

"हो."

"कधी?"

"ऑपरेशननंतर. वॉर्डात. तुम्ही झोपत नाही म्हणाल्या."

मी बोलून गेले आणि मगच मला दिसलं, मी काय केलं ते. त्याच्या चेहऱ्यावर ते पावलापावलानं उमटत गेलं. जे तिच्यापासून त्यानं वर्षभर झाकून ठेवलं होतं ते पहिल्या आठवड्यापासून तिला ठाऊक होतं. आणि ठाऊक आहे हे तिनं त्याच्यापासून झाकलं होतं. एका खोलीत, एका ताटाशी बसून, दोघांनी.

"म्हंजे तिला ठावं हुतं," तो म्हणाला.

थिएटरचं दार उघडून बाबालाल मामा बाहेर आले, हातात ट्रे, वर हिरवं कापड. व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला कुणाची तरी माणसं उठून उभी राहिली. मामांनी विचारलं, पोरीकडचं कोण हाय. बिराप्पानं तिकडे पाहिलं नाही.

"त्यो फोटू हाय का तुमच्याकडं अजून?"

मी आत जाऊन फाइल आणली. त्यानं हात शर्टाला पुसले आणि फिल्म दोन्ही हातांनी कडांना धरून उजेडाकडे नेली, फुटेल अशी.

"ह्यात तिचं कुठलं?"

मी बोट ठेवलं. तो त्या जागेकडे बघत राहिला. पलीकडे कुणी बाई मोठ्यानं श्वास घेऊन काही म्हणाली आणि मामांनी कापड परत टाकलं.

"शेवटाला तिची वाचा गेली हुती," तो म्हणाला. "मी उशाला बसून असायचो. रात्री जागा दिसलो की हात वर करायची आन असं करायची." त्यानं फिल्म मांडीवर ठेवली आणि उजवा पंजा पालथा-उताणा करून माझ्यापुढे रिकामा पसरला. "रोज. कितीदा तर करायची. आन मी भांडं बाजूला ठेवायचो. मला वाटायचं, पाणी नको म्हणतीया."